इंग्रजी संगीतशब्दांचे उच्चार आणि त्यांचा इतिहास

इंग्रजीतील संगीतविषयक शब्दसंग्रह एकाच भाषेने आपल्या घरी घडवलेला नाही. सुमारे हजार वर्षांच्या काळात जे जे संगीत बाहेरून इंग्लंडात आले, त्याच्याबरोबर आलेल्या शब्दांचा तो साठा आहे. चर्चमधील गायन लॅटिन भाषेतून आले, दरबारी गायक-वादक फ्रेंच बोलत आले, ऑपेरा आणि तंतुवाद्यांचे नवे वादनतंत्र इटलीतून आले, तर नादाचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांनी आपल्या संज्ञा ग्रीक धातूंपासून तयार केल्या. प्रत्येक वेळी शब्दासोबत त्याचा उच्चारही आला. मात्र तो किती टिकला आणि किती बदलला, हे शब्द कोणत्या शतकात आला आणि कोणाच्या तोंडी रुळला यावर ठरले. 'क्वायर', 'कॉर्ड', 'बेस', 'चेलो' हे शब्द लेखनाप्रमाणे वाचता येत नाहीत, म्हणून इंग्रजीचे लेखन म्हणजे निव्वळ गोंधळ, असा मराठी विद्यार्थ्याचा समज होतो. संगीतशब्दांपुरता तरी हा समज खरा नाही. येथे लेखन आणि उच्चार यांच्यात जी फारकत दिसते, तिच्यामागे बहुधा एखादी ऐतिहासिक घडामोड असते आणि ती शोधून काढता येते.

सर्वांत खालचा थर प्राचीन इंग्रजीचा, म्हणजे १०६६ मध्ये नॉर्मन सरदारांनी इंग्लंड जिंकण्यापूर्वीच्या भाषेचा आहे. 'सिंग', 'साँग', 'हार्प', 'बेल' आणि 'हॉर्न' हे शब्द त्या थरातले असून त्यांचे लेखन आणि उच्चार यांत फारसे अंतर पडलेले नाही. त्या काळी 'ग्ली' या शब्दाचा अर्थ करमणूक आणि गाणे-बजावणे असा होता, तर आजच्या 'ड्रीम'शी रूपाने जुळणारा शब्द आनंद, गलबला आणि संगीत या अर्थांनी वापरला जात असे. पुढे फ्रेंचमार्गे 'म्यूझिक' हा शब्द रूढ झाला आणि या दोघांनाही जागा सोडावी लागली. 'ड्रीम' हे रूप स्वप्नासाठी राहिले. 'ग्ली' मात्र अठराव्या शतकात, वाद्यांच्या साथीशिवाय तीन किंवा अधिक आवाजांनी म्हणायच्या इंग्लिश गीतप्रकाराचे नाव म्हणून संगीतात परतला. 'फिडल' या जुन्या शब्दाच्या वाट्याला वेगळे आयुष्य आले. सोळाव्या शतकात इटालियन घडणीचे वाद्य 'व्हायोलिन' हे नाव घेऊन इंग्लंडात आले आणि कालांतराने दोन्ही नावे एकाच वाद्याची झाली, तरी ती समान प्रतिष्ठेची झाली नाहीत. खेड्यातील नाचात वाजते ते 'फिडल' आणि सभागृहात वाजते ते 'व्हायोलिन', हा भेद आजही कायम आहे. वाद्य तेच, गजही तोच. फरक आहे तो ऐकणाऱ्यांच्या सामाजिक दर्जाचा, आणि भाषेने तो नोंदवून ठेवला आहे.

नॉर्मन विजयानंतर आलेल्या फ्रेंच शब्दांत 'ट्यून', 'नोट', 'ट्रम्पेट', 'मिन्स्ट्रेल' असे अनेक शब्द आहेत. परंतु ज्या शब्दाशिवाय हा विषयच मांडता येत नाही, तो 'साउंड' हा शब्दही याच थरातला आहे. लॅटिनमधील 'सोनुस'पासून फ्रेंचमध्ये 'सोन' झाला आणि मध्ययुगीन इंग्रजीत तो 'सून' असा उच्चारला जाऊ लागला. त्याच्या शेवटी आज ऐकू येणारा 'ड' मुळात नव्हता. 'न' उच्चारताना जीभ जेथे टेकते, तेथूनच 'ड' निघतो, त्यामुळे 'न' सोडता सोडता 'ड' आपोआप उमटतो. मराठीत 'वानर'चे 'वांदर' होताना असाच एक जादा वर्ण आत शिरला आहे. मेघगर्जनेसाठी असलेल्या 'थंडर' या इंग्रजी शब्दातील 'ड'ही असाच आगंतुक आहे. पंधराव्या-सोळाव्या शतकांत हा 'ड' 'साउंड'च्या अंगी कायमचा मुरला आणि त्यामुळे या शब्दाचे रूप आणखी तीन वेगळ्या शब्दांशी तंतोतंत जुळले. निरोगी, अरुंद समुद्रपट्टी आणि पाण्याची खोली मोजणे या तीन अर्थांचे 'साउंड' हे नादवाचक 'साउंड'चे कोणीही नातलग नाहीत; चार वाटांनी आलेले चार शब्द इंग्रजीत एका रूपात मिसळले आहेत.

यानंतर शब्दांच्या रूपावर ज्यांनी खोल परिणाम केला, ते संगीतकार नव्हते, तर पंडित होते. युरोपात लॅटिन आणि ग्रीक ग्रंथांच्या अभ्यासाला नवे बळ आले, तेव्हा लोकांच्या तोंडी झिजून गुळगुळीत झालेल्या शब्दांना त्यांचे अभिजात कूळ पुन्हा दिसेल असे लेखन द्यावे, अशी ओढ इंग्लंडातील लेखकांना आणि मुद्रकांना लागली. एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांच्या समूहाला आज 'कॉर्ड' म्हणतात. हा शब्द मुळात 'अकॉर्ड', म्हणजे जुळणी किंवा मेळ, या शब्दाचे तोकडे रूप असून तो पूर्वी 'सी' या एकट्या अक्षराने लिहिला जाई. तार या अर्थाच्या ग्रीक 'खोर्डे'शी त्याचा काही संबंध नव्हता. परंतु स्वरांचा मेळ तारांवरच वाजतो, या साम्यावरून सतराव्या शतकाच्या सुमारास त्यात 'एच' घातला गेला आणि शब्दाला खोटे ग्रीक कूळ मिळाले. उच्चार मात्र जागचा हलला नाही. म्हणून आज दोरी या अर्थाचा 'कॉर्ड' आणि स्वरसमूह या अर्थाचा 'कॉर्ड' कानाला एकच वाटतात, आणि गळ्यातील स्वरतंतूंच्या इंग्रजी नावात कोणता 'कॉर्ड' लिहावा याबद्दल सुशिक्षित इंग्रजांचीही गफलत होते.

'क्वायर' या शब्दात हीच प्रक्रिया अधिक स्पष्ट दिसते. चर्चमध्ये समूहाने गाणाऱ्यांचा वृंद, तसेच ते जेथे उभे राहतात तो वास्तूचा भाग, असे त्याचे दोन अर्थ आहेत. हा शब्द लॅटिन 'कोरुस'पासून फ्रेंचमार्गे मध्ययुगीन इंग्रजीत आला, तेव्हा त्याचा उच्चार 'क्वेर' असा होता. पुढे 'फ्रेर'चा 'फ्रायर' झाला त्याच रीतीने 'क्वेर'चा 'क्वायर' झाला आणि लेखनही उच्चाराला धरून 'क्यू' अक्षराने होत राहिले. १६६२ च्या इंग्लिश प्रार्थनाग्रंथात ते तसेच आढळते. त्यानंतर थोड्याच काळात लॅटिन आणि फ्रेंच रूपांच्या अनुकरणाने 'सीएच'ने सुरू होणारे लेखन रूढ झाले. परिणामी लेखन एका भाषेचे आणि उच्चार दुसऱ्या काळाचा, अशी अवस्था झाली आणि इंग्रजीतील सर्वांत बेइमान वाटणारा शब्द जन्माला आला. 'साम' या स्तोत्रवाचक शब्दातील आरंभीचा मूक 'पी' ग्रीकची आठवण म्हणून राहिला आहे, तर 'हिम' या शब्दाच्या अखेरचा मूक 'एन' 'हिम्नल' या साधित शब्दात पुन्हा बोलू लागतो, यावरून तो मेलेला नसून केवळ दबलेला आहे हे कळते.

सुमारे १४०० ते १७०० या काळात इंग्रजीचे दीर्घ स्वर एकामागून एक जागा बदलत गेले. भाषाशास्त्रात महास्वरपरिवर्तन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या बदलात जुन्या 'ई'चा 'आय' झाला, जुन्या 'आ'चा 'ए' झाला, आणि जे शब्द या काळाच्या आधी किंवा ऐन मध्यात भाषेत आले होते, ते सर्व या ओढीत सापडले. याचा सर्वांत चांगला पुरावा 'व्हायोलिन' आणि 'व्हिओला' या सख्ख्या वाद्यांच्या नावांत आहे. दोन्ही नावे इटालियन असून दोघांतील पहिला स्वर इटालियनमध्ये 'ई'च आहे. परंतु 'व्हायोलिन' सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजीत आला, आणि त्याआधीपासून रुळलेल्या 'व्हायल' या वाद्यनामाच्या वळणावर जाऊन त्याच्या 'ई'चा 'आय' झाला. 'व्हिओला' हे वाद्याचे नाव म्हणून अठराव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाले, तोवर स्वरांची उलथापालथ संपली होती, म्हणून त्याचा 'ई' शाबूत राहिला. लेखनाने अगदी सारखा दिसणारा फुलझाडाचा 'व्हायोला' बहुधा 'आय'नेच उच्चारला जातो. शब्दाचा स्वर ऐकून तो कधी आला याचा अंदाज बांधता यावा, असे उदाहरण कोणत्याही भाषेत सहसा सापडत नाही.

खर्जातल्या आवाजासाठी असलेला 'बेस' हा शब्दही याच परिवर्तनातून गेला. मध्ययुगीन इंग्रजीत तो 'बास'च्या जवळ उच्चारला जात होता, पुढे त्याचा 'बेस' झाला आणि खालचा, पायाचा या अर्थाच्या शब्दाप्रमाणेच तो लिहिला जाई. इटालियन 'बास्सो'च्या प्रभावामुळे त्याच्या लेखनात दोन 'एस' आले, पण उच्चार 'बेस'च राहिला. दोन 'एस' पाहून 'बॅस' म्हटले, तर तो मासा होतो. मराठीत 'बास' असे रूप ऐकू येते, ते लेखन पाहून वाचण्याच्या सवयीतून आले असावे.

स्वरांची नावे आणि त्यांची लांबी दाखवणाऱ्या संज्ञा यांचा इतिहास याहून गुंतागुंतीचा आहे. अकराव्या शतकात इटलीतील अरेझ्झो या गावचा ग्विदो हा भिक्षू मुलांना चर्चगायन शिकवत असे, आणि त्याने १०३० च्या सुमारास संत जॉनच्या एका लॅटिन स्तोत्राचा आधार घेऊन स्वरांना नावे दिली. त्या स्तोत्राच्या सहा ओळी अनुक्रमे एकेक स्वर वर चढत सुरू होतात, म्हणून प्रत्येक ओळीचे पहिले अवयव, म्हणजे 'उत्, रे, मी, फा, सोल, ला', हीच स्वरनामे झाली. सातवे नाव पुढे जोडले गेले आणि गाताना तोंड बंद करणाऱ्या 'उत्'च्या जागी सतराव्या शतकात इटलीत मोकळा 'दो' आला. त्या काळच्या स्वरमालेतील सर्वांत खालच्या स्वराला ग्रीक अक्षर 'गामा' आणि 'उत्' यांचे मिळून 'गामा-उत्' म्हणत. त्याचा 'गॅमट' झाला, एका स्वराचे नाव संपूर्ण स्वरमालेला मिळाले, आणि आज इंग्रजीत कोणत्याही गोष्टीच्या आरंभापासून अंतापर्यंतच्या पल्ल्याला तोच शब्द लावतात. येथे एक खुलासा आवश्यक आहे: 'रे' हा अवयव दोन्हींकडे आहे एवढ्यावरून ग्विदोची नावे भारतीय 'सा रे ग म'वरून घेतली असे सांगितले जाते, त्याला पुरावा नाही. भारतीय स्वरनामे ग्विदोहून कित्येक शतकांनी जुनी आहेत, तमिळनाडूतील कुडुमियामलै येथे ती सातव्या शतकाच्या सुमाराच्या शिलालेखात कोरलेली आहेत, आणि त्यांचे मोल सिद्ध करण्यासाठी अशा उसन्या आधाराची गरज नाही.

तेराव्या शतकात कोलोनचा फ्रांको याने स्वरांच्या लांबीची पद्धतशीर मांडणी केली, तेव्हा लांब स्वराला 'लोंगा' आणि आखूड स्वराला 'ब्रेव्हिस' म्हणत. ब्रेव्हिसचा भाग तो सेमिब्रेव्हिस. पुढच्या शतकात त्याहून लहान असा 'मिनिमा', म्हणजे सर्वांत छोटा, आला. रचनाकार अधिकाधिक लहान स्वरचिन्हे वापरू लागले, तशी मोठ्या चिन्हांची गती मंदावत गेली, आणि शेवटी अर्धा-आखूड असा शब्दार्थ असलेला 'सेमिब्रीव्ह' हाच नेहमीच्या लेखनातील सर्वांत लांब स्वर ठरला, तर सर्वांत छोटा म्हणवणारा 'मिनिम' लांबीने दुसऱ्या क्रमांकावर आला. ब्रिटिश परंपरेने ही नावे जशीच्या तशी जपली. पूर्ण स्वराच्या चौसष्टाव्या भागाला तेथे 'हेमिडेमिसेमिक्वेव्हर' म्हणतात. यात 'हेमि' ग्रीक, 'डेमि' फ्रेंच आणि 'सेमि' लॅटिन असून तिघांचाही अर्थ 'अर्धा' असाच आहे, तर 'क्वेव्हर' हा थरथरणे या अर्थाचा अस्सल इंग्रजी शब्द आहे. चार भाषांचे असे साहचर्य एका शब्दात क्वचितच पाहायला मिळते. अमेरिकेने मात्र जर्मन रीतीचे भाषांतर करून पूर्ण स्वर, अर्धा स्वर, पाव स्वर अशी सरळ नावे स्वीकारली. शिकणाऱ्याच्या दृष्टीने अमेरिकी पद्धत निःसंशय सोयीची आहे. इतिहास मात्र ब्रिटिश नावांतच शिल्लक राहिला आहे.

इटालियन शब्दांचा ओघ सोळाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाला. १५८८ मध्ये निकोलस यंग याने लंडनमध्ये 'म्यूझिका ट्रान्सअल्पिना' हा संग्रह छापला. त्यात इटालियन मॅड्रिगल, म्हणजे अनेक आवाजांसाठी रचलेली लौकिक प्रेमगीते, इंग्रजी शब्दांसह दिली होती. शंभर वर्षांनीही इटालियन संज्ञा इंग्लिश वादकांना सरावाच्या नव्हत्या. हेन्री पर्सेल याने १६८३ मध्ये आपले सोनाटा प्रसिद्ध केले, तेव्हा प्रस्तावनेत 'अडाजिओ' आणि 'ग्रेव्ह' म्हणजे अतिशय सावकाश, 'लार्गो' म्हणजे मध्यम गती, 'अलेग्रो' आणि 'व्हिव्हाचे' म्हणजे जलद, 'पियानो' म्हणजे हळू आवाजात, असा अर्थ त्याला फोड करून सांगावा लागला. यातील लार्गोचा अर्थ मुद्दाम लक्षात घेण्याजोगा आहे, कारण आज तीच संज्ञा फार सावकाश गतीसाठी वापरली जाते आणि पर्सेलची रचना आजच्या अर्थाने वाजवली, तर ती चुकते. १७११ मध्ये हँडेलचा 'रिनाल्दो' हा इटालियन भाषेतील ऑपेरा लंडनच्या रंगभूमीवर आला आणि इटालियन गायकांचे वेड सुरू झाले. १७२४ मध्ये संगीतपुस्तकांतील परकीय शब्दांचा अर्थ सांगणारी स्वतंत्र पुस्तिका लंडनमध्ये छापली गेली, आणि १७४० मध्ये जेम्स ग्रासिनो याने ब्रोसार याच्या फ्रेंच संगीतकोशावर आधारलेला इंग्रजी कोश प्रसिद्ध केला. गाणे पुन्हा म्हणावे यासाठी इंग्लिश प्रेक्षक मात्र 'ऑन्कोर' असे ओरडत. शब्द फ्रेंच असला, तरी फ्रेंच प्रेक्षक त्या प्रसंगी तो वापरत नाहीत, ते लॅटिन 'बिस' म्हणतात.

हे इटालियन शब्द उशिरा, छापील स्वरलिपीतून आणि इटालियन गायक-शिक्षकांच्या तोंडून आले, म्हणून त्यांचा मूळ उच्चार बराचसा टिकला. इटालियनमध्ये 'ए' किंवा 'इ' या स्वरांपूर्वी 'सी'चा 'च' होतो, म्हणून 'चेलो' आणि 'कन्चेर्टो'. परंतु मध्ये 'एच' आला की तोच 'क' होतो, म्हणून खेळकर गतीच्या रचनेला 'स्केर्त्सो' म्हणतात, 'शेर्झो' नव्हे. 'चेलो' हे 'व्हिओलोनचेलो'चे तोकडे रूप असून मूळ शब्दाची घडण छोटा-मोठा व्हिओला अशी आहे, आणि गंमत म्हणजे तोडताना वाद्याचे नाव गळाले आणि केवळ लघुत्वदर्शक प्रत्यय उरला. बोटांनी तार छेडण्याच्या 'पिट्सिकाटो' या संज्ञेतील 'त्स' हा ध्वनी मराठीभाषकाला परका नाही. 'चाक' या शब्दातील दंत्य 'च' त्याच्या अगदी जवळचा आहे, तर 'चेलो'तील 'च' हा 'चेहरा' या शब्दातील तालव्य 'च' आहे. ज्या दोन ध्वनींसाठी इंग्रज विद्यार्थ्याला नियम पाठ करावे लागतात, ते मराठी कानाला उपजत वेगळे कळतात, आणि या सोयीचा उपयोग संगीतशिक्षकांनी करून घ्यावयास हवा.

एका वाद्याच्या नावात या सर्व घडामोडी एकत्र आल्या आहेत. दुहेरी पात्याच्या मुखाने फुंकायच्या, सनईच्या कुळातील एका वाद्याला फ्रेंचांनी उंच किंवा मोठ्या आवाजाचे लाकूड या अर्थाचे संयुक्त नाव दिले. इंग्रजांनी ते ऐकून 'होबॉय' असे केले, आणि शेक्सपिअरच्या नाटकांतील रंगसूचनांत हेच वाद्य वाजते. त्याच फ्रेंच नावातील शेवटचा स्वर त्या काळी 'वे'सारखा उच्चारला जात होता. इटालियनांनी तो कानावर पडला तसा लिहून 'ओबोए' असे रूप केले. अठराव्या शतकात इटालियन संगीताचा दबदबा वाढला, तेव्हा इंग्रजांनी आपला 'होबॉय' टाकून इटालियन लेखन घेतले आणि त्याचा उच्चार 'ओबो' केला. आजच्या फ्रेंचमध्ये त्या नावाचा उच्चार 'ओब्वा' असा होतो. म्हणजे फ्रेंचांचा जो जुना उच्चार फ्रान्समध्येच मावळला, त्याची खूण इटालियन लेखनात राहिली आणि इंग्रजांनी ती वाहून नेली.

परकीय संज्ञांचे हे वर्चस्व सर्वांनाच रुचले नाही. ऑस्ट्रेलियात जन्मलेला रचनाकार पर्सी ग्रेंजर याने विसाव्या शतकात आपल्या स्वरलिपीतून इटालियन शब्द हद्दपार केले. आवाज वाढवत नेण्याच्या 'क्रेशेंडो'साठी तो 'लाउडन' लिही आणि व्हिओलाला 'मिडल-फिडल' म्हणे. 'लाउडन' हा शब्द चांगलाच आहे आणि त्याचा अर्थ वादकाला तत्काळ कळतो. तथापि ग्रेंजरच्या शब्दशुद्धीमागे नॉर्डिक वंशश्रेष्ठत्वाची कल्पना होती, हे विसरता येत नाही. आणि जे संगीत इटालियन संज्ञांसह अनेक देशांतील वादकांना एकाच वेळी वाचता येते, त्याला एका भाषेत कोंडणे वादकांनीही मान्य केले नाही.

नादशास्त्राच्या संज्ञा वेगळ्या वाटेने आल्या. त्या वापरातून जन्मल्या नाहीत, तर विद्वानांनी ठरवून घडवल्या. १६८४ मध्ये नार्सिसस मार्श या धर्मोपदेशकाने लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात नादाच्या शास्त्राची रूपरेषा मांडली. दृष्टीला जसे भिंग, तसे श्रवणाला साह्य करणारे साधन कल्पून त्याने 'मायक्रोफोन' हा शब्द वापरला, आणि विजेवर चालणारे यंत्र त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी आले. 'अकूस्टिक्स' या शास्त्रनामाचा 'अकाउस्टिक्स' असा उच्चार एकोणिसाव्या शतकातील कोशांत दिलेला असे आणि तो विसाव्या शतकात मागे पडला. एकाच उंचीचा स्वर बासरीवर आणि सारंगीवर ज्यामुळे वेगळा वाटतो, त्या गुणासाठी फ्रेंच 'टिम्ब्र' घेऊन इंग्रजांनी त्याचा उच्चार 'टॅम्बर' असा अर्धा फ्रेंच, अर्धा इंग्रजी ठेवला. लाकूड या अर्थाच्या 'टिंबर'शी गल्लत होऊ नये, हेही त्याचे एक कारण असावे. जॉन टिंडल या भौतिकशास्त्रज्ञाने १८६७ मध्ये जर्मन शब्दाच्या धर्तीवर 'क्लँग-टिंट' ही संज्ञा सुचवली होती, पण ती रुजली नाही.

उच्चार आणि स्वर या दोन्ही विषयांत अधिकारी ठरलेला एकच पुरुष या इतिहासात आढळतो, तो म्हणजे अलेक्झांडर एलिस. १८६९ ते १८८९ या काळात त्याने जुन्या इंग्रजी उच्चारांवर पाच भागांचा ग्रंथ लिहिला आणि १८७५ मध्ये हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाचा स्वरसंवेदनेवरील ग्रंथ इंग्रजीत आणला. सप्तकाचे १२०० समान भाग कल्पून प्रत्येक भागाला 'सेंट' हे नाव त्यानेच दिले, आणि १८८५ च्या आपल्या निबंधात निरनिराळ्या देशांच्या स्वरमाला या मापाने मोजून दाखवल्या. त्यासाठी त्याने लंडनमध्ये राजा रामपाल सिंग यांच्या सतारीवरील स्वरही मोजले. सर्व मानवजातीची एकच नैसर्गिक स्वरमाला नाही, स्वरमाला अनेक आणि विविध आहेत, हा त्याचा निष्कर्ष युरोपीय संगीताला जगाचे माप मानणाऱ्यांना धक्का देणारा होता. महाराष्ट्रात सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी अब्दुल करीम खाँ यांच्या गायनाचा आधार घेऊन बावीस श्रुतींचे गणित १९१० मध्ये इंग्रजी पुस्तकात मांडले, ते याच नव्या मापनशास्त्राच्या वातावरणात.

इंग्रजी संगीतशब्द मराठी प्रदेशात आले, ते मुख्यतः लष्करी बँड, हार्मोनियम आणि ग्रामोफोन यांच्याबरोबर. हार्मोनियमला मराठीने 'पेटी' आणि पायाने भाता चालवायच्या वाद्याला 'पायपेटी' अशी आपली नावे दिली, आणि गायकाच्या स्वराची उंचीही इंग्रजी अक्षरांनी न सांगता पट्ट्यांच्या रंगावरून 'काळी एक', 'पांढरी चार' अशी सांगण्याची रीत पाडली. गोव्याची वाट वेगळी होती. तेथे पोर्तुगीज धर्मसंस्थेच्या शाळांतून सोळाव्या शतकापासून मुलांना स्वरलिपी शिकवली जाई, त्यामुळे ग्विदोची स्वरनामे गोमंतकीय वादकांना इंग्रजी राजवटीच्या कितीतरी आधी पाठ होती आणि व्हायोलिनला कोंकणीत पोर्तुगीज शब्दावरून 'रेबेक' म्हणत. याच परंपरेतील वादक विसाव्या शतकात मुंबईच्या चित्रपटसृष्टीत आले. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड यांनी संगीतकारांच्या चाली स्वरलिपीत उतरवून वाद्यमेळासाठी त्यांची मांडणी केली, आणि 'नोटेशन', 'अरेंजर', मुख्य चालीभोवती फिरणाऱ्या वाद्यपंक्तीसाठी 'ऑब्लिगाटो' हे शब्द ध्वनिमुद्रणाच्या व्यवहारात रुळले. त्यातील शेवटचा शब्द इटालियन, शिकवण पोर्तुगीज वळणाची आणि व्यवहाराची भाषा इंग्रजी-हिंदी होती.

मराठीत या शब्दांची नोंद करताना आजवर बहुतेक वेळा इंग्रजी लेखन पाहून देवनागरी रूप ठरवले गेले, आणि त्यामुळे 'बास', 'कोअर', 'शेर्झो' अशी कोणत्याच भाषेची नसलेली रूपे छापली जातात. कोशकारांनी आणि संगीताची पाठ्यपुस्तके तयार करणाऱ्यांनी यापुढे रूढ उच्चार तपासून 'बेस', 'क्वायर', 'स्केर्त्सो' असे लिहावे, जेथे शब्द इंग्रजीहून वेगळ्या वाटेने आला आहे तेथे ती वाट नोंदीत सांगावी, आणि 'रेबेक', 'पायपेटी', 'काळी एक' या आपल्या संज्ञांनाही त्याच कोशात इंग्रजी संज्ञांच्या बरोबरीचे स्थान द्यावे.